लहान हातासाठी पिस्तूल

रियाधला असताना मी दोन पिस्तुलांची चाचणी घेतली होती, हे मी कॉलेजात अजून कुणाला सांगितलेलं नाही. वर्गातली मुलं माझ्यापेक्षा वयानं बरीच लहान आहेत. "गल्फला काय करत होतास?" असं कुणी विचारलं तर मी "स्टोअरमध्ये होतो" म्हणतो, आणि ते खोटंही नाही. सगळं सांगायला गेलो तर ती शौर्याची गोष्ट वाटेल असा संकोच वाटतो. ती तशी नव्हती. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत घाबरलेलो होतो, आणि जे काही झालं ते त्या घाबरण्यामुळेच झालं.

आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. बी.कॉम.चं पहिलं वर्ष कसंबसं झालं आणि मामानं व्हिसा पाठवला. मामा फौजेत आर्मरर होता, म्हणजे हत्यारं खोलून दुरुस्त करणारा. निवृत्तीनंतर तो रियाधमधल्या एका सुरक्षा कंपनीत लागला. माझ्या इकाम्यावर, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्यावर, धंदा 'आमिल' लिहिलेला होता, म्हणजे मजूर. प्रत्यक्षात मी मामाच्या स्टोअरमध्ये टायपिंग करायचो, सुटे भाग जागेवर लावायचो आणि उरलेल्या वेळात मुक्त विद्यापीठाची पुस्तकं वाचायचो.

आमची कंपनी शहराबाहेरच्या एका कंपाऊंडवर पहारा द्यायची. आत परदेशी इंजिनिअर कुटुंबं घेऊन राहत होते. कंपाऊंडला दोन गेटं होती. बाहेरच्या गेटावर काँक्रीटचे ठोकळे वाकडेतिकडे मांडलेले, म्हणजे गाडीला वेग धरता येऊ नये. मग आडवा दांडा. त्याच्या आत पाण्याची टाकी, स्टोअर आणि आमच्या खोल्या. त्यापुढे आतलं गेट, भिंत, आणि भिंतीपलीकडे हिरवळ नि पोहण्याचा तलाव.

त्या वर्षांत देशात अशा कंपाऊंडांवर हल्ले झाले होते. मेसमधल्या टीव्हीवर आम्ही जळलेल्या भिंती पाहायचो. हल्लेखोर गाडीतून येत, आधी गेटावरच्या माणसाला गोळ्या घालत आणि मग आत शिरत. मला अरबी फारसं कळत नव्हतं, पण तो क्रम कळायला भाषा लागत नव्हती. आधी गेट, मग आत. आमच्याकडे गेट आणि 'आत' यांच्यामध्ये माझी खोली होती. मी माझी खाट खिडकीपासून ओढून आतल्या भिंतीला लावली. मामानं ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याचीही खाट सरकलेली होती.

बाहेरच्या गेटावर दिवसा ताइफ शहरातला एक सौदी तरुण असायचा. हत्यार बाळगायची परवानगी फक्त सौदी गार्डांना होती. आम्ही बाहेरचे, आमच्या कमरेला पट्टासुद्धा चालला नसता. हा तरुण अंगानं माझ्यासारखाच किरकोळ, उंचीही माझ्याएवढीच. नुकतंच लग्न झालेलं, बायको ताइफलाच आईजवळ. मला पुस्तक घेऊन टाकीच्या सावलीत बसलेलं पाहिलं की तो ओरडायचा, "या दुक्तूर! आज कोणाचं पोट कापणार?"

"मी कॉमर्स शिकतो," मी माझ्या तुटक्या अरबी-हिंदीत सांगायचो. "त्यात डॉक्टर होत नाहीत."

"मग शिकतोस कशाला?"

तो हसायचा आणि आपल्या थर्मासमधला कहवा मला द्यायचा. आमच्या आणि बाहेरच्या रस्त्याच्या मध्ये दिवसभर हा एकच माणूस होता, आणि तो चांगला होता.

गार्डांची जुनी पिस्तुलं पोलादी, नऊ मिलिमीटरची होती. हल्ल्यांनंतर आतल्या लोकांच्या कंपनीनं सांगितलं, ही पुरेशी नाहीत, मोठ्या गोळीची हवीत. मग मोठ्या कॅलिबरची दोन पिस्तुलं नमुना म्हणून आली. दोन्हींचा सांगाडा पॉलिमरचा, म्हणजे एक प्रकारच्या कडक प्लास्टिकचा. फक्त वरची सरकणारी स्लाइड आणि नळी पोलादी. मामानं पहिल्यांदा एक हातात घेतलं आणि तळहातावर वरखाली केलं.

"आरं, ही तर जत्रंतली खेळणी," तो म्हणाला. "निम्मं वजन कुठं गेलं?"

मामानंच त्यांना नावं दिली. एक जाड मुठीचं, ज्याच्या मॅगझिनमध्ये गोळ्या दोन रांगांत बसायच्या. ते थोरलं. दुसरं बारीक मुठीचं, गोळी तेवढीच मोठी पण एकाच रांगेत, म्हणून गोळ्या कमी. ते धाकटं. धाकट्याच्या मुठीमागचा तुकडा काढून हाताप्रमाणे लहान-मोठा बसवता यायचा.

कंपाऊंडच्या मागे दूरवर कंपनीचं चाँदमारीचं मैदान होतं. वाळूचा उंच बांध, पत्र्याची शेड, नमाजासाठी चटया आणि वुजूचे, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याचे, नळ. परवाना कप्तानाच्या नावावर होता. कप्तान म्हणजे गार्डांचा सौदी प्रमुख, भारदस्त, कमी बोलणारा. चाचणी घ्यायला दक्षिण आफ्रिकेतला एक निवृत्त पोलीस आणला होता. त्याला आम्ही ट्रेनर म्हणायचो. त्याचा पंजा एवढा मोठा की थोरलं त्याच्या हातात धाकटं दिसायचं. माझं काम तो सांगेल ते लिहून घ्यायचं. पहिली गोळी सुटली तेव्हा माझं पेन वाळूत पडलं. कानावर मफ होते, तरी आवाज छातीतून आत आला.

"घाबरू नको, आवाज गेला म्हणजे गोळी पण गेली," मामा म्हणाला. त्यानं मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

पहिल्या दिवसांत थोरल्यानं सगळ्यांना जिंकलं. ट्रेनरनं दोन्ही पिस्तुलं वाळूच्या परातीत पुरली, बाहेर काढून झटकली आणि झाडली. थोरलं थांबलंच नाही. धाकट्याची स्लाइड एकदा पूर्ण मिटली नाही, मागून तळव्यानं ठोकावी लागली. नंतर त्यानं दोन्ही आणि एक जुनं पोलादी पिस्तूल जीपच्या बॉनेटवर उन्हात ठेवलं. दुपारी जुनं हातात धरवेना. मामानं उचललं आणि "आई गं" म्हणून टाकलं. नव्यांच्या मुठी मात्र नुसत्या कोमट होत्या. तेव्हा मामानं त्यांना खेळणी म्हणणं बंद केलं.

मग कोणतं हातात नीट बसतं ते बघायचं होतं. ट्रेनरनं एकेका गार्डाला दोन्ही पिस्तुलं झाडायला लावली आणि विचारलं, कसं वाटतं? कप्तान शेजारीच खुर्चीवर बसला होता.

"मुमताज," पहिला म्हणाला. म्हणजे उत्कृष्ट.

"कोणतं?"

"दोन्ही मुमताज."

दुसराही मुमताज. तिसराही. ट्रेनरनं माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. "हे सगळं मुमताज असेल तर मी आलो कशाला?" तो इंग्रजीत पुटपुटला. त्याला कळत नव्हतं, पण मला थोडं कळत होतं. कप्तानासमोर, इतर गार्डांसमोर, पिस्तूल माझ्या हातात बसत नाही असं कोण म्हणेल? आमच्या गावातसुद्धा चार माणसांत "हे ओझं मला उचलत नाही" असं कुणी म्हणत नाही. इथे तर हत्यार होतं. ते न पेलणं म्हणजे ऐब, लाजिरवाणी गोष्ट.

ताइफच्या तरुणाची पाळी आली. त्यानं थोरलं झाडलं. ते त्याच्या हातात थोडं तिरकं बसत होतं. बोट चापापर्यंत पोचावं म्हणून तो मूठ बाजूनं पकडत होता. गोळ्या बांधात कुठेकुठे गेल्या. एकदा रिकामी पुंगळी बाहेर न पडता स्लाइडमध्येच उभी अडकली. त्यानं चटकन पाठ वळवून ती झटकली. कप्तान तेव्हा फोनवर बोलत होता.

"कसं वाटतं?" ट्रेनरनं विचारलं.

"मुमताज. मोठं जास्त मुमताज."

दुपारच्या नमाजासाठी गोळीबार थांबला. मी नळापाशी बाटली भरायला गेलो तेव्हा तो वुजू करत होता. हातावर पाणी पडताच त्यानं श्वास आत ओढला. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली कातडी सोलली होती, आणि अंगठ्याचं बूड सुजून लाल झालं होतं. मी बघतो आहे हे कळताच त्यानं अस्तनी खाली ओढली.

"दुखतं?" मी विचारलं.

"काही नाही."

"मोठं तुझ्या हातात बसत नाही. लहान माग ना."

त्यानं आजूबाजूला पाहिलं. मग हळू म्हणाला, "मी लहान मागितलं तर कप्तान मला गेटावर ठेवेल? पार्किंगमध्ये पाठवेल, गाड्या मोजायला. घरी माझे भाऊ काय म्हणतील?" मग एकदम कडक आवाजात, "तू कुणाला काही बोलणार नाहीस, दुक्तूर. वल्लाह, बोललास तर मी तुला ओळखत नाही."

तो नमाजाला गेला. मी बाटली घेऊन उभा राहिलो. त्या दिवशी थोरलं ठरणार होतं. ते बाहेरच्या गेटावर याच्या कमरेला लागणार होतं. गाडी येईल तेव्हा हा ते काढेल, पहिली गोळी कुठेतरी जाईल आणि दुसरी सुटणारच नाही. मग तो संपेल. हे मला अगदी स्पष्ट दिसलं, टीव्हीवर दिसायचं तसं.

शेडमध्ये येऊन मी मामाला मराठीत सगळं सांगितलं.

"तू गप्प बसायचं," मामा म्हणाला. "त्यांच्या माणसाला हत्यार पेलत नाही असं आपण सांगायचं? हिंद्यानं? उद्या आपली दोघांची पासपोर्टं व्हिसा देणाऱ्या कफीलच्या टेबलावर असतील आणि आपण विमानात."

"पण मामा, तो मरेल."

"तो कशानं मरंल ते तुला काय ठाऊक?"

"पुंगळी अडकली मी पाहिली."

मामानं तोंडावरून हात फिरवला. "फौजेत रोक म्हणत्यात त्याला. हलक्या सांगाड्याचं हे असं असतंय. स्लाइड मागं जायला सांगाडा घट्ट उभा पायजे. पोलादी पिस्तूल सोताच्या वजनानं उभं राहतंय. ह्याला वजनच न्हाई, तवा मनगटानं धरावं लागतंय. मनगट सैल पडलं की स्लाइड निम्म्यातच थांबती. ह्यात पिस्तुलाची चूक न्हाई."

"मग चूक कुणाची?"

"कुणाची न्हाई. गप बस."

नमाज संपला. सगळे परत आले. ट्रेनर कप्तानाला म्हणाला, वाळूचं बघता, गोळ्यांच्या संख्येचं बघता, आणि सगळे गार्ड मुमताज म्हणतात ते बघता, मोठं घ्यायला हरकत नाही. कप्तानानं मान डोलावली.

मी त्या वेळी कसा बोललो ते मला आजही नीट आठवत नाही. मी म्हणालो, "सर, मी एकदा झाडून बघू का?"

ट्रेनर वळला. मामानं डोळे मिटले.

"तू? पेन सांभाळता येत नाही तुला."

"म्हणूनच, सर. माझा हात लहान आहे. आणि मला भीती वाटते. असा कुणी इथं झाडून बघितलेला नाही."

ट्रेनरनं कप्तानाला ते इंग्रजीत सांगितलं. कप्तानाला आधी गंमत वाटली. "कातिब झाडणार?" तो म्हणाला, म्हणजे कारकून. गार्ड हसले. ताइफचा तरुण मात्र हसला नाही. तो माझ्याकडे असा बघत होता, जणू मी त्याच्या खिशात हात घातला आहे. कप्तानानं हात हलवला. झाडू दे.

मामा माझ्याजवळ आला आणि कानावरचे मफ नीट बसवता बसवता म्हणाला, "तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू? नळी खाली. बोट बाहेर. मी सांगंपर्यंत चाप ओढू नको. आणि श्वास घे, मुडद्या."

थोरलं हातात आलं तेव्हा पहिलं काय वाटलं, तर ते एखाद्या जाड पुस्तकाच्या कण्यासारखं लागलं. हात पुढून मिटतच नव्हता. चापापर्यंत बोटाचं टोक कसंबसं पोचत होतं. ट्रेनर मागून म्हणाला, एका हातानं. दुसरा हात दांड्यावर आहे असं समज. हे त्यानं आपणहून म्हटलं, मी नव्हतं सांगितलं. गेटावरचा दांडा डाव्या हातानं ओढावा लागतो, हे त्यानं पाहिलेलं असणार.

मी डोळे मिटू नयेत म्हणून खूप प्रयत्न केला. चाप ओढला. मनगट खांद्याकडे उडालं आणि अंगठ्याच्या बुडाशी कुणी हातोडी मारावी तसं झालं. मी पुन्हा ओढला. काहीच झालं नाही. पाहिलं तर पुंगळी स्लाइडमध्ये उभी होती, धुरासकट.

"मनगट सैल," ट्रेनर म्हणाला. "झाडणाऱ्याची चूक."

"हो, सर," मी म्हणालो. "पण मी गेटावर उभा असतो तर माझं मनगट असंच झालं असतं."

मामानं पुंगळी काढली. पुन्हा दोन सुटल्या आणि पुन्हा अडकली. मग ट्रेनरनं मला धाकटं दिलं, मागचा तुकडा सगळ्यात लहान बसवून. ते हातात आलं तेव्हा बोटं पुढे एकमेकांना भेटली. धक्का कमी नव्हता, खरं सांगायचं तर जास्तच टोचला, कारण मूठ बारीक होती. पण तो सरळ कोपरापर्यंत गेला, अंगठ्यात मुरला नाही. मी तेवढाच घाबरलेलो होतो, मनगट तेवढंच लटपटत होतं. मॅगझिन रिकामं होऊन स्लाइड मागे थांबली तेव्हाच मला कळलं की सगळ्या सुटल्या.

ट्रेनर बांधाकडे बघत म्हणाला, "एकाला वाळू आवडत नाही. एकाला लहान हात आवडत नाहीत."

"वाळू पुसता येती," मामा न राहवून मराठीतच म्हणाला. "हात कुठनं वाढवायचा?" मी ते इंग्रजीत सांगितलं.

कप्तान खुर्चीवरून उठला. माझ्याजवळ येऊन त्यानं माझा हात धरून बघितला. अंगठ्याच्या बुडाशी लाल झालं होतं, कातडी थोडी सोलली होती. त्यानं ते बराच वेळ पाहिलं. मग तो ताइफच्या तरुणाला म्हणाला, "याच्या हातातून पिस्तूल घे." तरुणानं घेतलं. घेताना अस्तनी वर सरकली. तीच जागा, तीच सूज. कप्तानाच्या नजरेला ती पडली हे मला दिसलं, आणि तरुणालाही दिसलं. त्याचा चेहरा उतरला.

कप्तानानं घसा साफ केला आणि ट्रेनरला म्हणाला, "बाहेरच्या गेटावर माणसाला सारखं गाडीत चढावं-उतरावं लागतं. तिथे लहान बरं पडेल. मोठं आतल्या गेटाला द्या."

बाहेरच्या गेटावर गाडी नव्हतीच. एक प्लास्टिकची खुर्ची होती. तिथल्या प्रत्येकाला हे माहीत होतं आणि कुणीही ते बोललं नाही. ट्रेनरनं मला सांगितलं, लिही, गाडीच्या सोयीसाठी. मी लिहिलं.

खोलीवर आल्यावर मामानं तेल तापवून माझ्या अंगठ्याला लावलं आणि म्हणाला, "परत असं केलंस तर मीच तुला विमानात बसवीन." मग माझा हात तो तसाच धरून बसला.

ताइफचा तरुण कित्येक दिवस माझ्याशी बोलला नाही. मी टाकीजवळ पुस्तक घेऊन बसायचो, तो रस्त्याकडे बघायचा. दुक्तूर नाही, कहवा नाही. कमरेला धाकटं होतं. मामा सोडला तर मी त्याचा शब्द मोडला नव्हता असं मी स्वतःला सांगत होतो, पण तो तसं मानत नसेल तर त्याला काय म्हणायचं, हे मला कळत नव्हतं. शेवटी एक दिवस त्यानं न वळताच विचारलं, "तुझा हात खरंच एवढा हलतो?"

"हो."

"मग गेटाजवळ बसू नकोस. आत बस."

मी हललो नाही. त्यानंही पुन्हा सांगितलं नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी, असरच्या नमाजानंतर, उन्हं उतरत असताना रस्त्यावरून एक पांढरा पिकअप आमच्याकडे वळला. पहिल्या ठोकळ्यापाशी सगळ्या गाड्या हळू होतात. हा झाला नाही. इंजिन जोरात ओरडत होतं, मागे धूळ उठली होती. मी टाकीपाशी उभा होतो.

तरुण खुर्चीवरून उठला होता. डावा पंजा वर, थांब म्हणून. उजव्या हातानं त्यानं पिस्तूल काढून मांडीजवळ धरलं. तो काहीतरी ओरडत होता आणि त्याचा आवाज फाटला होता. मी गाडीकडे बघायला हवं होतं. मी त्याचा हात बघत होतो. बोटं मुठीभोवती पूर्ण मिटली होती, अंगठा त्यांच्यावर, आणि पिस्तूल मनगटाच्या सरळ रेषेत होतं. ते कापत होतं. पण सरळ होतं.

पिकअप दुसऱ्या ठोकळ्याला घासत, दांड्याच्या अगदी जवळ येऊन थांबला. धूळ पुढे आली आणि काही दिसेनासं झालं. मग धुळीतून बकऱ्या ओरडल्या. गाडीतून वाळवंटातला एक म्हातारा बदू दोन्ही हात वर करून उतरला आणि ब्रेक, ब्रेक, असं सांगू लागला.

तरुणानं त्याला खूप शिव्या दिल्या. इतक्या वेळ दिल्या की म्हाताराही शेवटी परत ओरडू लागला. मग त्यानं पिस्तूल कमरेच्या खोळीत घातलं. पहिल्यांदा ते तोंडाशीच अडलं, दुसऱ्यांदा बसलं. तो माझ्याकडे वळला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"दुक्तूर," तो म्हणाला, "पाणी."

मी नळाखाली पाण्याचा मग धरला. निम्मं बाहेर सांडलं. त्यानं घेतला तेव्हा उरलेल्यातलं निम्मं त्याच्या छातीवर सांडलं. आम्ही एकमेकांच्या हातांकडे पाहिलं.

त्याचं पिस्तूल त्या दिवशी चाललं असतं की नाही, हे मला माहीत नाही. कुणालाच कधी कळलं नाही, आणि त्याबद्दल मी आजही देवाचे आभार मानतो. पुढे मी तिथे होतो तोपर्यंत त्या गेटावर गोळी सुटली नाही. खाट मात्र मी शेवटपर्यंत आतल्या भिंतीलाच ठेवली.

"आणखी आण," रिकामा मग माझ्या हातात देत तो म्हणाला. "बादली भरून आण. त्या बकऱ्यांना पण पाज, त्या बिचाऱ्या आपल्यापेक्षा जास्त घाबरल्यात. यल्ला, चल."